खिडकीतलं हेल्मेट

धोंडीरामनं उशी दोन बोटांनी उचलली, तिचा वास घेतला आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून ठेवावा तशी ती परत ठेवली.

"साबणाचा वास येतोय," तो म्हणाला.

"साबणानंच धुतलीय, साहेब," अंजनाबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतो मी. लपवायला काही असलं की लोक साबण वापरतात."

अंजनाबाईंनी उशी सरळ करून ठेवली. पाटोद्याच्या एसटी स्टँडसमोर सहा खोल्यांचं लॉज काढून त्यांना चार महिने झाले होते. नोकरी सोडताना मिळालेला पैसा सगळा याच्यात घातला होता. येत्या शनिवारी पुण्याचे तीस मोटरसायकलवाले सौताड्याचा धबधबा बघायला येणार होते. ते कुठं उतरणार, हे धोंडीराम ठरवणार होता. त्यानं चांगलं लिहिलं तर सहाही खोल्या भरणार, वाईट लिहिलं तर अंजनाबाई आणि त्यांच्या साबणाच्या वासाच्या उशा.

धोंडीराम मूळचा केजचा. पुण्याला जाऊन 'डी. आर.' झालेला. मोटरसायकलवरून भटकणाऱ्यांनी रात्री पाठ कुठं टेकावी, हे तो मोबाइलवर लिही आणि ऐंशी हजार लोक ते श्रद्धेनं वाचत. लॉजच्या खिडकीत आपलं काळं हेल्मेट ठेवायचं, फोटो काढायचा आणि खाली निकाल द्यायचा, ही त्याची पद्धत. आष्टीतल्या एका लॉजबद्दल त्यानं लिहिलं होतं, 'गोठा आहे; पण जनावरं इथं थांबणार नाहीत.' केजबद्दल एकच ओळ होती: 'माझं गाव आहे, म्हणून गप्प बसतो.'

मोटरसायकलचा फोटो मात्र तो कधी टाकत नसे. 'गाडी दाखवणारे वेगळे, गाडी मारणारे वेगळे,' असं त्यानं एकदा लिहिलं, त्याला चौदाशे अंगठे मिळाले. मुक्काम नेहमी एसटी स्टँडसमोर करावा, हा त्याचा पहिला नियम. स्टँडवर चहा लवकर उकळतो आणि पंक्चरवाला लवकर उठतो. हा नियम काही तरुणांनी बनियनवर छापून घेतला होता.

"मागं शेड बांधलीय, साहेब," अंजनाबाई म्हणाल्या. "गाड्यांसाठी. वर पत्रा हाय, धुवायला पाइप हाय, कुलपाला साखळी हाय. चला, दाखविते."

"शेड मी बघत नाही. पत्रा सगळीकडे पत्राच असतो."

"तुमची गाडी तरी लावा की आत."

"गॅरेजला टाकलीय. चेन वाजत होती."

"कुठल्या गॅरेजला?"

"आहे तिकडं कोपऱ्यावर," धोंडीराम म्हणाला आणि नळ सोडून पाण्याकडे तुच्छतेनं बघत राहिला. पाणी स्वच्छ होतं. त्याची जरा निराशाच झाली.

अंजनाबाईंनी खिडकीतलं हेल्मेट हातात घेतलं. त्याच्या एका अंगाला पंधरावीस लांब ओरखडे होते.

"हे कशानं पडले वो?"

"ताम्हिणी घाट. तीन वर्षं झाली. दोन कोलांट्या." एवढं सांगून तो थांबला. पुढचं ऐकणाऱ्यानं मनात उभं करायचं असतं.

"सगळे एकाच अंगाला पडलेत."

"मी एकाच अंगावर पडलो, बाई."

"असंल." त्यांनी हेल्मेट जागच्या जागी ठेवलं. "तुमाला कुठंतरी लई येळा बघितल्यासारखं वाटतंय."

"ऐंशी हजार लोकांना वाटतं तसं."

"तसं न्हाई. मी मोबाइलवर काय बघत न्हाई. नोकरीत असताना डोकं वर काढायला सवड नसायची. बावीस वर्षं उभ्यानं गेली."

कसली नोकरी, हे धोंडीरामनं विचारलं नाही. विचारण्याजोगी नोकरी त्याला त्या चेहऱ्यावर दिसली नाही.

संध्याकाळी अंजनाबाईंनी शेंगदाण्याचं झणझणीत कालवण केलं, बाजरीच्या भाकरी थापल्या. धोंडीरामनं तीन भाकरी खाल्ल्या आणि भाकरीच्या कडा करपल्याचं टिपून ठेवलं.

सकाळी अंजनाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा तो अंघोळ उरकून, बूट घालून, मोबाइलवर बोटं चालवत बसला होता.

"लिवलं का साहेब?"

"झालंच. ऐका." त्यानं घसा साफ केला. "'पाटोदा. उशीला साबणाचा वास, भाकरीला तव्याचा वास, मालकिणीला प्रश्नांची खोड. मित्रहो, मोटरसायकल ही स्वाभिमानाची सवारी आहे. स्वाभिमान असेल तर पुढं चला. इथं थांबू नका.' दहा मिनिटांत टाकतो."

"शेडचं काय लिवलं न्हाई?"

"न बघता कसं लिहू? मी खोटं लिहीत नाही."

अंजनाबाईंनी चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. धोंडीरामनं फोटोसाठी मोबाइल उचलला आणि खिडकीकडे वळला. खिडकी रिकामी होती.

"माझं हेल्मेट कुठं आहे?"

"ते व्हय? लगीनसराई हाय, पुणे गाडीला आज मरणाची गर्दी. लोकं रुमाल टाकायलेत, पिशव्या टाकायलेत. म्हणून तुमी न्हात होता तवर मीच स्टँडवर गेले आन् हेल्मेट खिडकीतून आत टाकून जागा धरून आले. डाव्या अंगाची तिसरी. मी त्या रूटला तिकिटं फाडायची तवापासून तुमी तितंच बसताव की." अंजनाबाईंनी बशी त्याच्याकडे सरकवली. "चहा घ्या निवांत. गाडी सुटायला पंधरा मिनिटं हायेत, तेवढ्यात परत लिवून होतंय."