बारकीची पायरी

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. बारकीच्या दहावीच्या सराव परीक्षेचा निकाल लागला आणि ती गणितात गेली. काठावर वगैरे नाही, चांगली धडधडीत नापास. बाईंनी तोंडावर सांगितलं, ‘खऱ्या परीक्षेत हेच झालं तर तांत्रिक शाखा विसर.’ आणि हिला तर लहानपणापासून पूल बांधायचेत! नावाला बारकी गं, उंची अशी की दारातून मान वाकवून आत येते.

घरी आत्याने तर तोफच डागली. ‘बाप काच कापताना सूतभर चुकत नाही आणि पोरीला साधी टक्केवारी येत नाही!’

बारकीच्या वडिलांचं काचेचं दुकान आहे ना, खिडक्या, आरसे, शोकेस. दुकानामागेच घर. ते दुसऱ्या दिवशी टॅब घेऊन आले, आणि बाईंनी सांगितलेलं सरावाचं अ‍ॅप त्यात घातलं.

त्या अ‍ॅपची गंमत अशी, की उत्तर बरोबर आलं की पुढचं गणित आणखी अवघड. चुकलं की ते तुला मागे नेतं, जिथून कच्चं आहे तिथपर्यंत. आणि दर रविवारी आठवडाभराचं सगळं बघून दाखवतं, तू कितव्या पायरीवर आहेस.

बारकी अर्थातच तळाला. रोज शाळेतून आली की दुकानामागच्या टेबलावर बसायची. आधी सोपी यायची, ती पटापट सोडवायची, मग एकदम असली अवघड यायची की डोळ्यांत पाणी. एकदा तर तिने पेन्सिलच फेकली. सरळ नव्या आरशावर!

‘आरसा मरू दे,’ वडील म्हणाले. ‘फार अवघड जातंय का गं?’

‘डोकं फुटतं, बाबा.’

‘होईल सोपं. मी आहे ना.’

आणि काय सांगू, रविवारी पायरी चढली! पुढच्या रविवारी आणखी वर. आत्या पार पलटली. भाजीवाल्यालासुद्धा सांगायला लागली, ‘आमच्या बारकीचं डोकं म्हणजे डोकं आहे हं.’

पण बारकीलाच पटेना. कारण रोज टॅब उघडला की समोर काय? सातवीतले अपूर्णांक! अ‍ॅप मला इतकं कच्चं समजतंय, मग पायरी चढवतंय कोण?

मग एकदा शाळा लवकर सुटली. दुकानात उभ्या ठेवलेल्या काचांमधून तिला दिसलं, बाबा टॅब मांडीवर घेऊन बसलेत, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बोटाने एकेक उत्तर दाबतायत. तिची चाहूल लागली तसा त्यांनी टॅब टेबलावर ठेवला आणि फडकं उचललं.

‘धूळ पुसत होतो. काच दिसली की हात जातोच बघ.’

‘हो का,’ बारकी म्हणाली.

पण मनात म्हणाली, म्हणजे ही पायरी आपली नाहीच. मापाला इतका पक्का माणूस, त्याने चढवलेली! बरं, बोलणार कसं? आत्याने गल्लीभर सांगितलेलं, बाबांचा चेहरा फुललेला. खरं सांगितलं तर दोघंही तोंडावर पडणार. आणि गप्प बसली तर परीक्षेत आपण.

मग ती इरेला पेटली. म्हणाली, पायरी खोटी आहे ना, मग मी खरी करून दाखवते. सातवीतले अपूर्णांक येऊ देत, एकही सोडला नाही. पाया पक्का झाला. वरची अवघड गणितं चुकली की नुसतं उत्तर बघून पुढे जायची नाही, मधल्या सुट्टीत बाईंना गाठायची, ‘माझं नेमकं कुठे चुकलं?’ चार दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर परत करायची, काहीही न बघता. बाई म्हणाल्या, ‘तू माझा डबा खाऊ देणार आहेस की नाही?’

मग परीक्षा झाली. निकाल लागला. गणितात शाळेत पहिली! पहिली, कळतंय का तुला? आत्या दारात उभी राहून ओरडली, ‘बापावर गेलीय, बापावर!’ बाईंचा फोन आला, तांत्रिक शाखेची जागा पक्की.

बारकी धावत दुकानात. बाबा काच मापत होते. तिने त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली.

‘बाबा, यातले निम्मे मार्क तुमचे आहेत.’

‘माझे? मी काय केलं?’

‘मी बघितलं होतं तुम्हाला. माझ्या टॅबवर उत्तरं देताना.’

त्यांचा चेहरा पडला. ‘तुला माहीत होतं? आणि तू बोलली नाहीस?’

‘कशी बोलणार? पायरी तुम्ही चढवलीत, मी नुसती मागून धावले. पण पोचले ना?’

‘मी चढवली?’ ते मटकन स्टुलावर बसले. ‘अगं, तुझं रडणं बघवत नव्हतं मला. गणितं सोपी यावीत म्हणून मी तर रोज मुद्दाम चुकीची उत्तरं देत होतो. पायरी चढलीस ती तूच, माझ्या चुका भरून काढून!’

सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?