निरोपाचा ग्रह

"बाई, जायच्या आधी आजची फाइल मात्र नक्की बघा हं!" प्रोग्रामर दारातूनच म्हणाला आणि पसार झाला.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्या पाठीकडे पाहिलं. आज नोकरीचा शेवटचा दिवस, आणि म्हणे फाइल बघा! नक्कीच काहीतरी शिजत होतं.

बाईंचं आयुष्य एकाच कामात गेलं होतं. अवकाशातली दुर्बीण ताऱ्यांचा प्रकाश मोजून पाठवायची आणि बाई त्या आलेखांत खड्डे शोधायच्या. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की प्रकाश किंचित कमी होतो, आलेखात खड्डा पडतो. दुसऱ्यांचे कितीतरी ग्रह त्यांनी तपासून दिले, पण स्वतःच्या नावावर एकही नाही. कालच नातीने भिंतीवरचा सापडलेल्या ग्रहांचा तक्ता बघून विचारलं होतं, "आजी, यातला तुझा कुठला गं?" बाईंनी विषय बदलला, पण प्रश्न मनाला लागला तो लागलाच.

प्रोग्रामरकडे एक खोडसाळ काम होतं. तपासणारे डुलक्या तर काढत नाहीत ना, हे बघायला तो अधूनमधून गुपचूप खोटे खड्डे पाडून ठेवी. भलेभले फसत. बाई मात्र कधीच फसल्या नव्हत्या, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

त्यांनी फाइल उघडली. चार-पाच तारे झाले आणि हात थबकला. तीन खड्डे, सारख्याच अंतराने, सारखेच खोल, तळ सपाट. गुरूएवढा थोराड ग्रह! क्षणभर बाईंना तो खराच वाटला. मग त्या खुदकन हसल्या.

"गुलाम कुठला! निरोपाची भेट होय ही?"

काचेपलीकडून डोकावणारी तरुण सहकाऱ्यांची दोन-तीन डोकी झटकन खाली गेली. आता शंकाच उरली नाही. पोरांनी मायेनेच केलं होतं, तरी बाईंना वाईट वाटलं. मेलं खोटंच द्यायचं होतं, तर एवढं देखणं तरी द्यायचं नव्हतं.

पण हार मानतील त्या बाई कसल्या? शेरास सव्वाशेर व्हायचं त्यांनी ठरवलं. जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीकडे पडताळणीची मागणी त्यांनी ठोकून दिली, शोधक म्हणून स्वतःचं नाव घालून. पाचपर्यंत ती मागे घेता येणार होती. त्याआधी पोरं धावत येऊन हातापाया पडतील, याची त्यांना खात्री होती.

"ऐका रे, मला ग्रह सापडलाय! मागणीसुद्धा पाठवली!" त्यांनी बाहेर येऊन जाहीर केलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "अभिनंदन, बाई!" संचालक डोळे मिचकावत म्हणाले. खोडी कबूल करायला मात्र कोणी पुढे आलं नाही. प्रोग्रामर तेवढा दिसत नव्हता, तो केक आणायला गेला होता.

पाच वाजत आले. पोरं भलतीच निगरगट्ट निघाली, म्हणत बाई खुर्चीत बसल्या. खोट्या ग्रहासाठी दुर्बीण अडवायची म्हणजे पापच. मागणी रद्द करायच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं.

तेवढ्यात प्रोग्रामर केकचा खोका सावरत, घामाघूम होऊन आत आला. चेहरा पार उतरलेला.

"आता तरी कबूल करतोस ना?" बाई विजयी सुरात म्हणाल्या.

"करतो, बाई. माफ करा," तो मान खाली घालून म्हणाला. "बाईंच्या फाइलमध्ये एक छानसा खोटा ग्रह टाकून ठेव, असं सगळ्यांनी मला दहादा बजावलं होतं. या केकच्या धावपळीत टाकायचा राहूनच गेला."