एकही टाळ चुकला नाही

या, असे जवळ सरका. घोणवाडीच्या सगुणेची गोष्ट ऐका.

वाडीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंचे फक्त यंत्राचे हात होते. बाई पुण्यात हात हलवायच्या, तसे इथले हलायचे. त्यासाठी उपग्रहाचं इंटरनेट घ्यायचं होतं. कंपन्या दोन. एकीचे उपग्रह खालून पळणारे, चपळ. दुसरीचा खूप उंचावर, कायम एकाच जागी, पण अर्धा सेकंद उशीर करणारा.

पखवाजी गेनबा म्हणाले, "पारख कीर्तनानेच करू."

डोंगरावरच्या देवळात बुवा पुण्याहून पडद्यावर गायले, टाळकऱ्यांनी समोर साथ धरली. उंचावरच्या उपग्रहाने सगळे टाळ मागे पडले. चपळ उपग्रहांवर एकही चुकला नाही.

"घ्या, देवानेच कौल दिला!" गेनबा हसले.

देवळावर आभाळ मोकळं होतं. दवाखाना मात्र खाली दरीत, दोन कड्यांच्या चिमटीत. तिथून दिसणाऱ्या आभाळाच्या पट्टीत उंचावरचा कायम असायचा, पळणारे येऊन जायचे.

पुढे एके दिवशी गेनबांची सून सगुणा त्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी रडली, पण रक्त थांबेना. यंत्राचे हात टाका घालायला वाकले आणि तसेच थिजले. उपग्रह कड्याआड गेला होता. पडद्यावर अक्षरं आली : पुढचा नऊ मिनिटांनी.

सासू कापडावर कापड दाबत राहिली.

"मामंजी, बाई बोलेनात का?" सगुणेने आतून विचारलं.

"येतील गं पोरी, आत्ता येतील," दाराशी नात घेऊन उभे गेनबा म्हणाले.

नवव्या मिनिटाला हात हलले. बाईंनी त्या हातांनी सगुणेचे डोळे मिटले. क्षणाचाही उशीर झाला नाही.

भजनाला बसाल तेव्हा, माउली, सगुणेची आठवण ठेवा.