पहिलं ताट

अम्मी गेल्यापासून अब्बांची अन्नावरची वासनाच उडाली होती. लेक निदाने त्यांना कुवेतमधल्या फहाहीलला आपल्या घरी आणलं, तरी ताटात नुसती चिवडाचिवड चालायची. जहाजाचा विषय निघाला की मात्र तोंडी एकच नाव, लोको मोको. ते जहाजावर आचारी होते आणि हवाई बेटांवरचा हा पदार्थ त्यांनी जन्मभर साहेब लोकांना करून घातला होता.

म्हणून या शुक्रवारी निदाने घाट घातला. वाफाळता भात, त्यावर खिम्याची जाड टिक्की, दाट रस्सा आणि वर अर्धकच्चं अंडं. अब्बांना एका जागी बसवेना. सारखे आपले स्वयंपाकघराच्या दारात. "आच कमी कर गो. अंडं शेवटाला."

ताट समोर ठेवलं तरी उठू पाहत होते. "आधी सगळ्यांना वाढ. मी मागाहून जेवीन."

"अब्बा, बसा बघू. आज पहिलं ताट तुमचं."

त्यांनी एक घास घेतला आणि हात तिथेच थांबला. निदा पुढे वाकली. "मीठ जास्त पडलं का?"



"नाय गो," अब्बा म्हणाले. "गरम असताना हे असं लागतं होय?"