तरीही चालवा

कॉम्प्युटरचा पडदा लालभडक झाला, तरी सासूबाईंनी माउसवरचा हात काढला नाही.

"झालं ह्याचं सुरू," त्या म्हणाल्या. "भित्रं मेलं. जरा काही आलं की बोंब मारतं."

सून त्यांच्या मागे उभी होती. कडेवर तिची लेक ठकी, झोपमोड झाल्यानं किरकिरी. भिंतीलगत एम्ब्रॉयडरीचं मशीन सगळ्या सुया वर करून खोळंबलं होतं. संध्याकाळपर्यंत क्लबच्या पोरांच्या शर्टांवर बिल्ले भरून द्यायचे होते, आणि क्लबच्या कोचकडून डिझाइनची मेल आत्ताच आली होती.

भरतकामाच्या फायली कॉम्प्युटरच्या ओळखीच्या नसतात. आलेल्या प्रत्येकीवर तो संशय घेतो. त्यातून सुटायची वाट सासूबाईंच्या बोटांना पाठ होती. आधी 'अधिक माहिती', मग 'तरीही चालवा'. वाचायची गरजच नाही. गप्पा मारता मारता सुईत दोरा ओवावा, तसं त्या दाबून मोकळ्या व्हायच्या.

पण रोज येते ती कोपऱ्यातली पिवळी पट्टी. आज अख्खा पडदा लाल होता, आणि मधोमध लिहिलं होतं : ही फाइल तुमच्या सगळ्या फायली नष्ट करू शकते.

"आई, हे रोजचं नाही. वाचा तरी."

"वाचत बसते. बिल्ले तू भरतेस का हातानं?"

सासूबाईंनी एकेक टाका मांडून जमवलेली सगळी नक्षी ह्या एका कॉम्प्युटरमध्ये होती. दुसरीकडे कुठेच नव्हती.

'अधिक माहिती' दाबलं गेलं. खाली दुसरं बटण उघडलं. बाण त्याच्याकडे निघाला.

सुनेनं सासूबाईंचं मनगट धरलं.

ठकी रडायची थांबली. ह्या घरात सासूबाईंच्या पुढ्यात कुणी आवाज चढवत नसे. हात धरणं तर लांबच राहिलं.

"सोड."

"नाही सोडत. आधी कोचना फोन करा."

"सोड म्हणते ना! मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"फोन करा, आई. मग मला काय बोलायचं ते बोला."

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की एरवी ती केव्हाच बाजूला झाली असती. मग त्यांनी डाव्या हातानं चाचपडत फोन लावला. स्पीकरवर. मनगट सुनेच्या मुठीतच होतं, आणि त्यातली नाडी तिच्या बोटांना धडधडा लागत होती.

"मावशी, तुम्हालापण आली?" पलीकडून कोच जवळजवळ ओरडलाच. "अहो, मी नाही पाठवली ती! सकाळपासून माझ्या नावानं गावभर मेल चालल्यात. हात लावू नका. माझ्या मेव्हण्यानं उघडली. त्याच्या स्टुडिओतला एक फोटो जागेवर नाही राहिला. मावशी? उघडली नाहीत ना? हॅलो?"

सासूबाईंनी फोन सुनेच्या तोंडापुढे धरला. सुनेनंच पुढे वाकून सांगितलं, "नाही उघडली," आणि सासूबाईंनी फोन ठेवला. मग सुनेनं हळूच मूठ सैल केली. मनगटावर तिच्या बोटांचे वळ उमटले होते. त्यावरून हात फिरवावा, असं तिला वाटलं. धीर झाला नाही.



"पोरीला दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. ठकीला खांद्यावर घेऊन त्या खुर्चीतून उठल्या आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. "बस. ती मेल काढून टाक. आणि हे सगळं आणखी कुठेतरी ठेवता येतं ना, ते कर."

सून बसली. फायलींची रांग उघडली. तिच्या खांद्यावरून एक बोट पुढे आलं आणि पडद्यावर एका जागी टेकलं.

"सगळ्यात आधी हा वेल घे. बाकीचं मी पुन्हा काढीन. हा आता ह्या वयात माझ्याच्यानं नाही व्हायचा."