बारापैकी सात

एकशे चाळिसावा फोटो टीव्हीवर आला तेव्हा मुरलीधर जागे झाले आणि "वा!" म्हणाले.

"हिमेजी," दीनानाथ म्हणाले. "बाहेरून पाच मजले दिसतात. आत सहा आहेत, शिवाय तळघर. लोक इथेच फसतात."

कुणी फसलं नाही. इंग्लंडमधल्या लेस्टरला त्यांच्या सिटिंग रूममध्ये रविवारी दुपारी अकरा पाहुणे बसले होते आणि सगळे बटाटेवडे खाऊन सुस्तावले होते. डॉक्टर दीनानाथ पाळंदे यांनी चौतीस वर्षं इथल्या लोकांचे गुडघे बदलले. रिटायर झाल्यावर त्यांनी जपानचे किल्ले हाती घेतले. मूळचा लाकडी बालेकिल्ला अजून उभा आहे असे किल्ले जपानात बाराच उरलेत. दोन वर्षं पुस्तकं वाचून आणि ट्रेनची टाइमटेबलं पाठ करून त्यांनी या एप्रिलमध्ये बायकोला बरोबर घेतलं आणि सोळा दिवसांत सात किल्ले केले. 'केले' हा त्यांचाच शब्द. कॉलेजात असताना सिंहगड करायचे, तसे.

आत जिने नसतात, शिड्याच असतात, हे त्यांनी सांगितलं. बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात, हेही सांगितलं. सुलक्षणाताईंच्या गुडघ्यांना हे जमण्यासारखं नव्हतं. त्यामुळे सातही ठिकाणी त्या खाली बाकावर बसल्या.

"हिची काही तक्रार नसते," दीनानाथ म्हणाले आणि मात्सुएच्या किल्ल्याकडे वळले.

मात्सुएला पहिल्या दिवशी ढग होते. म्हणून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर चढले होते. ढगांतले फोटो आणि उन्हातले फोटो, दोन्ही दाखवण्यात आले.

"उरलेले पाच आम्ही पुढच्या एप्रिलमध्ये करतोय," त्यांनी जाहीर केलं. "प्लॅन तयार आहे."

संपलं असं वाटून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुरलीधरांची सून आर्या इथेच जन्मलेली. मराठी चुकलं तरी बोलायची सोडत नसे. "काकू, पण तुमचा एकपण फोटो नाही. तुम्ही काय पाहिला?"

सुलक्षणाताई कप गोळा करत होत्या. "मी? मी फुमिएबाईंचं घर पाहिलं."

"कोण फुमिएबाई?" हे दीनानाथांनी विचारलं.

"मात्सुएच्या. माझ्याच बाकावर येऊन बसल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, शाळेत शिकवायच्या. पहिल्या दिवशी आम्ही गुडघ्यांवर बोललो."

"कुठल्या भाषेत?"

"गुडघ्यांवर बोलायला भाषा कशाला लागते? त्यांनी ऑपरेशनची खूण दाखवली. मी म्हटलं, माझे यजमान याच ऑपरेशनचे डॉक्टर. ते बहुतेक त्यांना कळलं नाही. सारख्या माझ्या गुडघ्यांकडे बोट दाखवत होत्या."

कुणीतरी खोकलं. मुरलीधर आता पूर्ण जागे होते.

सुलक्षणाताई कप हातात घेऊन तशाच खुर्चीच्या कडेवर टेकल्या. दुसऱ्या दिवशी फुमिएबाई फोन घेऊन आल्या. त्या जपानीत बोलायच्या, फोन इंग्लिशमध्ये सांगायचा. दोघी खंदकातल्या होडीत बसल्या. पूल आला की होडीचं छप्पर खाली येतं आणि सगळ्यांना वाकावं लागतं. प्रत्येक पुलाला फुमिएबाई शाळकरी मुलीसारख्या हसत होत्या. मग दोघी फुमिएबाईंच्या घरी गेल्या. तिथे भात तयार होता आणि सुलक्षणाताईंच्या पर्समध्ये मेतकुटाची डबी होती. फुमिएबाईंनी तीनदा भात घेतला.

"त्यांचं घर किल्ल्याच्या अगदी समोर," त्या म्हणाल्या. "पण आत एकदाच गेल्यात, शाळेच्या ट्रिपला. म्हणाल्या, वर काही नाही."

सगळे हसले. दीनानाथ हसले नाहीत. त्यांच्या हातातला रिमोट एकेक फोटो मागे नेत होता. उन्हातलं मात्सुए आलं. वरच्या मजल्यावरून टिपलेलं आवार. त्यांनी फोटो मोठा केला. खाली, झाडाजवळ, बाक होता. बाकावर कुणी नव्हतं. हा फोटो त्यांनी आतापर्यंत निदान चाळीस वेळा पाहिला होता.

"पण मी खाली आलो तेव्हा तू होतीस," ते म्हणाले.

"दहा मिनिटं आधी पोचले. तुम्ही साडेबारा म्हणालात, साडेबाराला आलात. वेळेच्या बाबतीत तुमचं चांगलं आहे."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही ट्रेनमध्ये पुढच्या किल्ल्याचं सांगत होतात."

दीनानाथांनी घसा साफ केला. अकरा माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच लक्ष देऊन. "बरं," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये वाटेत मात्सुए घालू. अर्धा दिवस काढता येईल."

"एप्रिलमध्ये मी नाही," सुलक्षणाताई म्हणाल्या. "मी नोव्हेंबरमध्ये जातेय. तीन आठवडे, फुमिएबाईंकडे. तिकीट काढलंय."

"कुणी काढलं?"

"मी."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. विमानाचं असो, ट्रेनचं असो, नाटकाचं असो, घरातलं प्रत्येक तिकीट दीनानाथांनी काढलं होतं. आपल्याशिवाय या घरात कुणाला तिकीट काढता येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी टीव्हीवरचा रिकामा बाक आणखी मोठा केला. काय वाटतंय ते त्यांना नीट कळेना. राग म्हणावा तर राग नव्हता. आपण सोळा दिवस कुणाबरोबर तरी फिरलो आणि ती बाई कोण होती हे आज कळलं, असं काहीतरी ते होतं.

त्यांनी टीव्ही बंद केला. सगळ्यांसमोरच विचारलं, पण आवाज बारीक झाला होता.

"मी आलो तर चालेल?"

सुलक्षणाताईंनी शेवटचा कप ट्रेमध्ये ठेवला आणि खरोखर विचार केला.

"त्यांना विचारून सांगते," त्या म्हणाल्या.