चप्पल आपटणारं अस्वल

हे लिहिणार नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आता एका दमात लिहितोय, तेही स्वतःला ‘तो’ म्हणून. तसं जरा सोपं जातं.

मित्राची आई जमिनीवर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. सकाळी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि फुटपाथवरचा तिचा निम्मा माल घेऊन गेली. उरलेल्यात एकेकटे मोजेच जास्त.

“या इंजिनीअरसाहेब,” ती त्याला म्हणाली. तो कॉलेजची पायरीही चढला नव्हता, मोबाइलवर बघून बघून प्रोग्रामिंग शिकलेला. म्हणून ती मुद्दाम असंच म्हणायची. “बसा. अरे तिथे नको, रुमाल आहेत!”

“मावशी, तुम्ही तर सगळ्यांच्या आधी पळता. आज काय झालं?”

“तेच तर कळत नाही. गाडी कोपऱ्यावर दिसली, मी नुसती चप्पल घालतेय, तर मागून दोघं येऊन उभे. चादरीला हातसुद्धा लावला नव्हता रे. मी पळणार हे माझ्या आधी त्यांना ठाऊक!”

“म्हातारी झालीस तू,” खाटेवर आडवा पडलेला मित्र मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

“आणि तू काय, अस्वलं हाक.”

खेळ तसाच होता. बाजारात अस्वलं बसलेली. त्यातलं कोणतं पळणार ते आधीच ओळखून त्याच्यावर बोट ठेवायचं. खेळ तो नोकरी करायचा त्या कंपनीचा, मित्राच्या मोबाइलमध्ये त्यानेच टाकून दिलेला. मित्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या पुढे.

“सगळे हात बघत बसतात,” मित्र शायनिंग मारायचा. “पाय बघायचे. पळणारा आधी चप्पल घालतो. फुटपाथवर वाढलोय राजा, मला नको शिकवूस.”

कंपनीत ती अस्वलं त्यानेच बनवली होती. म्हणजे रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांतून खरी माणसं यायची, तो त्यांच्यावर अस्वलाचं कातडं चढवायचा. खेळणारे कुठे बोट ठेवतात त्यावरून कंपनीचं मशीन शिकायचं. मग कंपनीवाले ते मशीन कॅमेऱ्यांना जोडून विकायचे. कोणाला, ते त्याने विचारलं नव्हतं. अंदाज होता म्हणूनच विचारलं नव्हतं.

“आई! आई, हे बघ!” मित्र उठून बसला, हसत सुटला. “तुझ्यासारखं चप्पल आपटतंय!”

एका जाड्या अस्वलाने चप्पल उचलली, जमिनीवर दोनदा आपटली, मग पायात घातली. आईच्या चपलेत एकदा झुरळ निघालं होतं. तेव्हापासून कितीही घाई असली तरी आपटल्याशिवाय ती चप्पल घालायची नाही.

मित्राने बोट ठेवलं. ‘शाबास!’ चांदणी उडाली.

“मेल्या, मी एवढी जाडी आहे?”

मायलेक हसत होते. मग मित्राचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

“तू का नाही हसत?”

खेळ सुरू करताना तूच ‘मान्य आहे’ दाबलं होतंस, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं. त्याने गिळलं.

“त्या मावशीच आहेत,” तो म्हणाला. मग बाकीचंही सांगून टाकलं. कॅमेरे, कातडं, मशीन.

मित्राने मोबाइल उशीवर पालथा ठेवला. “म्हणजे पाय बघा, हे मी सांगितलं त्यांना.”

“तू खेळत होतास. केलं मी.”

“माझं सगळं पुसून टाक.”

“शिकलेलं नाही पुसता येत.”

“मग मी चप्पल घालूनच बसते उद्यापासून,” आई म्हणाली. “बाकीच्या बायकांनाही सांगते.”

“तेही शिकेल ते, मावशी.”

“शिकवणार कोण?”

“खेळणारे.”

मित्र खाटेवरून उतरला, एक मोजा उचलून त्याच्या जोडीचा शोधू लागला.

“कातडं काढ,” मोज्यांकडे बघतच मित्र म्हणाला. “आपण कोणावर बोट ठेवतोय ते तरी दिसू दे लोकांना.”

“माझं तोंड नको हं जगाला दाखवू,” आई म्हणाली.

कातडं काढणं त्याच्या हातात होतं. काढल्यावर नोकरी हातात राहणार नव्हती. त्याने ढिगातून एक निळा मोजा उचलला. त्याची जोडी नव्हतीच.

“उद्या खेळ उघड,” तो मित्राला म्हणाला. “एकही अस्वल दिसणार नाही. तोंड झाकलेली माणसं दिसतील आणि त्यांच्या चपला. शब्द देतो.”